बेस पायातून येतो

लग्नसराई लागली हे मला पंचांगावरून कळत नाही. सिडकोतल्या आमच्या गल्लीत दुपारी पाण्याचा टँकर येतो, बाया-माणसं बादल्या घेऊन धावतात, आणि त्याच टँकरचा दुसरा भाऊ तिकडं बीड बायपासवरच्या एखाद्या लॉनवर गवत भिजवत उभा असतो. संध्याकाळी पाहुण्यांच्या पायांना गारवा लागला पाहिजे ना! ओलं गवत, जनरेटरचं डिझेल आणि मोगऱ्याचे गजरे यांचा एक मिसळलेला वास असतो. तो नाकात शिरला की समजायचं, आता पाऊस पडेपर्यंत आपण घरचे नाही. पूर्वी त्या वासानं अंगात वारं भरायचं. यंदा पहिल्याच लॉनच्या गेटमधून आत शिरलो आणि वाटलं, इथूनच मागं फिरावं.

मी लग्नांच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. बेस गिटार. हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, म्हणजे ती साधी गिटार नव्हे का? नव्हे बुवा. हिला चारच तारा असतात, जाडजूड, आणि आवाज खालचा. लोकांना गाणारा दिसतो, बासरीवाला दिसतो, ऑक्टोपॅडवाला तर फारच दिसतो. बेसवाला फोटोत कडेला अर्धा येतो. माझे वडील पाटबंधारे खात्यात कारकून, आजोबा पूजाअर्चा करणारे, त्यांचा मंत्रोच्चार म्हणे चार घरं पलीकडं ऐकू जायचा. वडिलांनी एकदा माझा कार्यक्रम शेवटपर्यंत बसून पाहिला. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, सगळ्यांचं ऐकू आलं, तुझं तेवढं काही ऐकू आलं नाही. मला राग आला. पण त्यांचं काय चुकलं? बेस कानाला कळत नाही. तो काढून घेतला की मात्र गाणं पोकळ लागतं, आणि का लागतं ते कुणाला सांगता येत नाही.

या धंद्यात काय काय करावं लागतं ते सांगितलं तर लोक हसतील. नव्या तारा आमच्या गावात सहजी मिळत नाहीत, पुण्याहून मागवाव्या लागतात. म्हणून ऐन सराईत जुन्याच तारा गिटारवरून उतरवायच्या, वेटोळं करून पातेल्यात टाकायच्या आणि चिमूटभर सोडा घालून उकळायच्या. बोटांचा मळ, तेल, घाम सगळं सुटून वर येतं आणि तारा पुन्हा बोलायला लागतात. बायकोनं, वर्षानं, त्यासाठी एक जुनं पातेलं वेगळं काढून दिलंय आणि त्यात पुन्हा वरण शिजणार नाही असं बजावलंय. तरी तारा उकळत असल्या की ती स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. वास येतोच तसला. आणि ऊन? आमच्याकडच्या उन्हात लाकूड सुकतं, गिटारची मान वाकते, तारा वर उचलल्या जातात आणि दाबून दाबून बोटं ठणकतात. टेम्पोत माझी पिशवी मांडीवर घेऊन बसतो म्हणून सगळे मला बाळंतीण म्हणायचे. हे नाव उत्तमदादानं ठेवलेलं.

उत्तमदादा आमचा ड्रमर. यंदा तो नाही. त्याच्याबद्दल लिहायचं म्हणून तर बसलोय, आणि उगाच पातेल्यांबद्दल सांगत सुटलो.

उत्तमदादा पिशोरचा. तरुणपणी कामाला म्हणून शहरात आला आणि एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये लागला. पत्रा घालायचा, मशीन दणकन खाली यायचं, पत्रा काढायचा. दिवसभर तो दणका आणि सुट्टीच्या दिवशी ड्रम. गडी आडदांड, डोक्याला भरपूर तेल, खांद्यावर पंचा. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. माझं नाव श्रीकांत, पण त्यानं पहिल्याच दिवशी मला पंत करून टाकलं. त्याच्या पायातला मोठा ड्रम आणि माझी जाड तार एकाच क्षणी वाजली पाहिजे, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं आहे. पण ते जमायला वर्षं जातात, आणि एकदा जमलं की दुसऱ्या कुणाबरोबर वाजवताना चप्पल बदलल्यासारखं वाटतं. पुढं त्याच्या कंपनीनं ते शॉप बंद केलं, माणसं कमी केली. मग त्याच्याजवळ ड्रमच तेवढा उरला.

गेल्या लग्नसराईत त्याची ऑर्केस्ट्रातली जागा नुसत्या माझ्या बेसवर टिकून होती, आणि हे आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. ती सराई काही केल्या डोक्यातून जात नाही.

मला ते अजिंठ्याला कळलं. तिथं एका व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं, दुपारी आम्ही साऊंड तपासत होतो. बाहेर लू वाहत होती, मांडवाचं कापड फडफडत होतं. माझ्या ॲम्पला, म्हणजे बेसचा आवाज ज्या डब्यातून येतो त्याला, वीज कमी पडली आणि तो मधेच बंद झाला. लगेच उत्तमदादाचा ठेका डगमगला. दारू प्यायल्यासारखा इकडं तिकडं. ॲम्प सुरू झाला, ठेका सरळ. मी मुद्दाम पुन्हा बटण बंद केलं. पुन्हा तेच. त्यानं वर पाहिलं आणि माझ्याकडं बघून हळूच मान हलवली, नको म्हणून.

चहाच्या वेळी त्यानं मला मांडवामागं नेलं. बशीतला चहा फुंकला. मग म्हणाला, "पंत, मला काय बी ऐकू येत नाय. शिट्टी वाजल्यावानी एक आवाज असतो, दिवसरात. तुझा बेस तेवढा येतो. कानानं नाय येत, पायातून येतो. त्याच्यावर चाललंय."

मी विचारलं, कधीपासून? तो माझ्या ओठांकडं बघत होता. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की गेले कित्येक महिने हा माणूस माझ्या तोंडाकडं बघूनच बोलतोय, आणि मला वाटायचं, लई जीव आहे याचा माझ्यावर. डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं होतं. ते घालून ड्रमला हात लावला की मेंदूत सुई जायची. शिवाय ते किशोरभाऊंच्या नजरेला पडलं असतं तर खेळ खलास. किशोरभाऊ म्हणजे आमचे मालक. ऑर्केस्ट्रा त्यांचा, गाणारेही तेच. माणूस वाईट नाही, पण बहिरा ड्रमर कोण ठेवणार? मीही ठेवला नसता.

त्या दिवसापासून माझा ॲम्प त्याच्या स्टुलाला टेकून उभा राहू लागला. कुणी विचारलं तर म्हणायचो, मला ड्रमजवळ उभं राहिल्याशिवाय सुचत नाही. आवाजही मी जरा वाढवून घ्यायचो, साऊंडवाला बोंबलायचा. दादा डाव्या पायातली चप्पल काढून टाच ॲम्पच्या खालच्या कडेला लावून बसायचा. सुरुवात, ठेका, तोडा, शेवट, सगळं त्या टाचेतून वर जायचं. आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मी आयुष्यात सगळ्यात चांगला वाजवत होतो. आजवर माझं वाजवणं कुणी ऐकलं की नाही याची मला शंकाच असायची. आता एक माणूस दुसरं काहीच ऐकत नव्हता. मी चुकलो असतो तर तो पडला असता. इतकं जपून मी कुणाशीच वागलेलो नाही, वर्षाशीसुद्धा नाही. तिला हे एकदा सांगितलं, तर म्हणाली, ते दिसतंय.

जालना, बीड, परभणी. रस्त्यात रसवंतीवर थांबलं की दादा रसाच्या चरकावर हात ठेवायचा आणि तेवढ्या घरघरीवर माझ्या पाठीवर ठेका धरायचा. टेम्पोत सगळे झोपले की मी माझ्या गुडघ्यावर बोटं आपटायचो आणि तो माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ओळखायचा, कोणतं गाणं. बहुतेक वेळा बरोबर ओळखायचा. चुकला की आईवरून शिवी द्यायचा आणि हसायचा. ते हसणं फार मोठ्यानं यायचं, कारण आपण किती मोठ्यानं हसतोय हे त्याला कळत नव्हतं. बाकीचे समजायचे, गडी दिलखुलास आहे.

मग निम्म्या सराईत स्टेजच बदललं. लॉनवाल्यांना आता मागं मोठा चमकता पडदा पाहिजे, त्याच्यावर नवरा-नवरीचे डोंगरात जाऊन काढलेले व्हिडिओ, आणि स्टेजवर एक डबा दिसता कामा नये. किशोरभाऊंनी नवीन पद्धत आणली. सगळ्यांच्या कानात बारीक बोंडं, त्यात टिकटिक आणि आपापला आवाज. स्टेजवर ॲम्प नाही. माझी वायर सरळ खाली साऊंडवाल्याकडं. मी हरप्रकारे सांगून पाहिलं. ॲम्पशिवाय बेसला दम येत नाही, पन्नास वर्षं सगळे असंच वाजवत आलेत. किशोरभाऊ म्हणाले, श्रीकांतराव, पार्टीला दम नको, पडदा पाहिजे. ॲम्प गोडाऊनला गेला.

दादा कानात बोंडं घालून बसला, सगळ्यांसारखा. त्याला त्यातून शिट्टीशिवाय काही येत नव्हतं. पहिल्या दिवशी घामानं भिजून गेला बिचारा. तेव्हा मी प्रेक्षकांकडं पाठ केली आणि त्याच्याकडं तोंड करून उभा राहिलो, माझा उजवा हात त्याला नीट दिसेल असा. बोट तारेवर पडलं की त्याचा पाय पडायचा. मी पंजा तारांवर सपाट ठेवला की थांबायचं. एवढी एकच खूण, तीही ठरवून केलेली नाही. झालं, पुन्हा गाडी रुळावर.

आता मी लोकांना पाठमोरा दिसायला लागलो. कार्यक्रम ठरवणाऱ्या एक मॅडम होत्या, त्यांनी तक्रार केली, ते बेसवाले काका रुसलेत का? व्हिडिओवाल्यानं तक्रार केली. किशोरभाऊंनी दोनदा समजावून सांगितलं, तिसऱ्यांदा आवाज चढवला. मी हो हो म्हणायचो, पहिलं गाणं समोर बघून वाजवायचो आणि दुसऱ्याला हळूच वळायचो. सोंग किती दिवस चालणार? पण सराईचे थोडेच दिवस उरले होते. वाटलं, पावसापर्यंत निभावून नेऊ. पुढचं पुढं.

बायपासवरच्याच लॉनवर ते झालं. नवरीचं आगमन. हल्ली नवरी नुसती येत नाही. दिवे घालवतात, खालून पांढरा धूर सोडतात, चार भाऊ फुलांची चादर धरतात, आणि तिच्या एकटीवर उजेड. आम्ही वाजवत होतो. ठरलेलं असं की ती मधोमध आली की किशोरभाऊ हात वर करतील, सगळं एकदम थांबायचं आणि निवेदिका चार ओळी म्हणणार. त्या धुराचा अंदाज कुणालाच नव्हता. तो स्टेजवर चढला. मला माझाच हात दिसेना.

किशोरभाऊंचा हात वर गेला असावा. कानातल्या बोंडांत त्यांचं गाणं तुटलं, तसे आम्ही थांबलो. ड्रम थांबला नाही.

त्या अंधारात एकटा ड्रम वाजत राहिला. अगदी तालात, जोरात, एक ठोका इकडचा तिकडं नाही. मी पंजा तारांवर ठेवून उभा होतो, तो हात हलवून दाखवत होतो, धुरात. हाक मारण्यात अर्थ नव्हता. नवरी मधोमध उभी, पुढं यावं की थांबावं तिला कळेना. आधी लोकांना वाटलं, असंच बसवलंय. नवऱ्याच्या मित्रांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्यांचा ठेका धरला. निवेदिका माइकवर म्हणाली की आमच्या ड्रमरदादांना लग्नाचा आनंद आवरेना, आणि सगळं लॉन हसलं. मग दिवे लागले. दादाचे डोळे माझ्याच हातावर लागलेले होते, म्हणजे जिथं हात असायचा तिथं. त्याला तो दिसला. त्यानं आणखी एक ठोका मारला, तो अर्धाच झाला, आणि दोन्ही काठ्या ड्रमवर आडव्या ठेवल्या. लोक टाळ्या वाजवत होते. त्यांच्याकडं बघून त्यानं मान लववली. दुसरं काय करणार?

कार्यक्रम संपल्यावर तो पाठमोरा बसून झांजा कापडात गुंडाळत होता. किशोरभाऊ मागं येऊन उभे राहिले. हळू आवाजात म्हणाले, उत्तमराव. मग पुन्हा म्हणाले. मग आणखी जवळ येऊन म्हणाले. सगळे हातातलं काम टाकून बघत होते. शेवटी मीच दादाच्या खांद्याला हात लावून त्याला वळवलं, आणि त्यातच सगळ्यांना सगळं कळलं. किशोरभाऊ एक शब्द वाकडा बोलले नाहीत. त्यांनी त्याला जवळ घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मी मधे पडलो असतो, भांडलो असतो.

दुसऱ्या दिवसापासून ड्रम लॅपटॉपमधून यायला लागला.

उत्तमदादा पिशोरला परत गेला. भावानं पिठाची गिरणी टाकली होती, ती तो सांभाळतो. गिरणीत माणसं ओरडूनच बोलतात, त्यामुळं तिथं त्याचं खपून जातं. मी दोनदा जाऊन आलो. पिठानं पांढरा झालेला, भुवयासुद्धा पांढऱ्या, पट्ट्याच्या घरघरीत बसलेला. त्याच्या बायकोनं, मंदावहिनींनी, आमच्यापुढं चहा ठेवला आणि मला खुणेनं सांगितलं, आता घरात कुणाशी बोलतच नाहीत. माझ्याशी मात्र बोलला. किशोरभाऊंचा आवाज ठीक आहे का, नवीन गाणी कोणती, माझी मान वाकली का या उन्हात. गिटारची म्हणायचं होतं त्याला. निघताना म्हणाला, तू आहेस ना तिथं, मग झालं. आपलं एक माणूस स्टेजवर पाहिजे.

लॅपटॉपचा ड्रम कधी चुकत नाही, याचं मला सुरुवातीला कौतुक वाटलं. मग भीती वाटायला लागली. दादा चढत्या जागी किंचित पुढं जायचा, दम लागला की किंचित मागं यायचा, आणि मी त्याच्याबरोबर जायचो. याच्याबरोबर कुठं जाणार? हा कुठं जातच नाही. मी मात्र अजून सवयीनं दादासाठी थांबतो आणि मागं पडतो. साऊंडवाल्याला ते कळलं. त्यानं किशोरभाऊंच्या कानावर घातलं. यंदा सराईच्या आधी त्यांनी मला चहाला बोलावलं आणि अवघडून म्हणाले, बेसपण लॅपटॉपच्या ट्रॅकमध्येच घेतलाय. मी उठायला लागलो तर हात धरून बसवलं. "तुम्ही या. गिटार गळ्यात असू द्या. पार्टीला पाच माणसं सांगितलीयत, पाच दिसली पाहिजेत."

मी म्हणालो, मग वायर कशाला? तर व्हिडिओत बिनवायरचं बरं दिसत नाही. म्हणून वायर गिटारला लावायची आणि दुसरं टोक गालिच्याखाली सारून द्यायचं. मी हो म्हणालो. घरी वर्षाला सांगितलं नाही. त्या दिवशी तारा उकळायला घेतल्या, तेव्हा तिनं विचारलं, एवढ्या मन लावून? मी म्हटलं, सराई आहे.

आणि हा मूर्खपणा म्हणा हवं तर, पण मी खरंच वाजवतो. सूर लावून, जागच्या जागी, एकही जागा न गाळता. विजेशिवाय बेसचा आवाज होतो तरी किती? डास गुणगुणावा तेवढा. गाणं माझ्याशिवाय पुढं चाललेलं असतं आणि मी त्याच्या शेजारून चालत असतो.

परवा बिडकीनला लग्न होतं. तिसऱ्या गाण्याला खाली बघतो तर पहिल्या रांगेत फेटा बांधलेला उत्तमदादा. नवरा मंदावहिनींच्या माहेरकडचा, हे मला नंतर कळलं. तो नवरा-नवरीकडं बघत नव्हता. माझ्या उजव्या हाताकडं बघत होता, आणि खुर्चीखाली त्याची टाच पडत होती, माझ्या बोटाबरोबर. मग मी असा वाजवला म्हणता, नको त्या जागा घेतल्या, पूर्वी त्याला आवडायच्या त्या सगळ्या. त्या लॉनवर मला ऐकणारं एकच माणूस होतं.

एवढ्यात नवऱ्याचे मित्र नाचत स्टेजवर चढले. कुणाच्या तरी पायात गालिचा गोळा झाला आणि माझ्या वायरचं टोक बाहेर आलं, स्टेजच्या कडेवर लोंबायला लागलं. दादाला ते दिसलं. तो उठला. स्टेजवर कुणाची वायर निसटली की दुसऱ्यानं धावायचं आणि लावायची, ही आमची सगळ्यांची सवय. माणसांना बाजूला सारत, फेटा सावरत तो वर आला, टोक उचललं आणि मला हातानं खुणावलं, वाजव तू, मी लावतो. मी मानेनं नाही नाही म्हणत होतो. त्याला वाटलं, मी भिडेनं नको म्हणतोय. तो गुडघ्यावर बसला, गालिचा उचलून पाहिला. पडद्यामागं रांगत गेला, परत आला. लॅपटॉपच्या टेबलाखाली हात घालून चाचपलं. किशोरभाऊ डोळे मिटून गात होते. गाणं ठरल्या जागी थांबलं.

दादा गुडघ्यांवरच होता, हातात ते टोक. त्यानं माझ्याकडं वर पाहिलं आणि त्याला वाटत होतं तेवढ्या हळू, म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात, विचारलं, "पंत, लावू कुठं?"